एकही काळी नाही

प्रश्न : लॉज किती जणांनी उघडतं?
उत्तर : तिघं चालवतात, पाच जण सांभाळतात, सात जण पूर्ण करतात.

सहाच होते.

युस्टुस ल्यूडेके सकाळपासून पुन्हा पुन्हा मोजत होते. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार यापलीकडे काही कळत नव्हतं, म्हणून ते मुलीचे हात मांडीवर घेऊन तिच्या बोटांवर मोजत. मी. तुझा भाऊ हार्टविग. घड्याळवाला नोल्टे. स्टेशनापलीकडून येणारे ते तिघे म्हातारे. एक हात संपला की तिच्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्यावर येत आणि तो धरून थांबत.

"आणि लेओ. लेओ आला की सात."

"तो आलेलाच आहे, बाबा. मागच्या अंगणात लाकडं फोडतोय."

"तसं आलेला नव्हे गं."

मग तिच्या नवऱ्याने कसं यायला हवं होतं, हे ओटिलीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. या घरात लॉजबद्दल, म्हणजे बंधूंच्या त्या गुप्त मंडळाबद्दल, बायकांशी बोलायचं नाही असा नियम होता, पण तो नियम भिंतींना माहीत नव्हता. ती लहान असताना बाबा औषधांच्या कोठीत पूड कुटत कुटत ते जुने प्रश्न आणि त्यांची उत्तरं पाठ करायचे. दाराअलीकडे ती बाहुलीला झोपवत बसलेली असायची. बाबा अडखळले की दाराअलीकडून बारीक आवाजात पुढचं उत्तर यायचं. एकदा त्यांनी दार उघडून तिला थोबाडीत दिली. एकदाच. त्यानंतर ती मनात सांगायची.

आता ती बावन्न वर्षांची होती, आणि अजून मनातच सांगत होती.

जर्मनीतल्या हिल्डेसहाइममध्ये ज्यांना हे लोक आवडत नसत ते त्यांना ‘बिनविटांचे गवंडी’ म्हणत. फ्रीमेसन म्हणजे मुळात गवंडीच. पण ‘शांत पूल’ लॉजमध्ये औषधवाले होते, घड्याळवाले होते, मास्तर होते, डॉक्टर होते, आणि त्यांतल्या एकानेही जन्मात वीट धरली नव्हती. पस्तीस साली नाझी सरकारने लॉज बंद केलं. रंगवलेला गालिचा, मेणबत्त्यांचे खांब, हातोडा, सगळं ट्रकमध्ये घालून नेलं. पंचेचाळीसच्या मार्चमध्ये इमारतही गेली, बाकीच्या शहराबरोबर, बॉम्बखाली. आता सत्तेचाळीसचा जून होता, सेंट जॉनचा दिवस होता, युद्ध जिंकलेल्या इंग्रजांची परवानगी होती, आणि ल्यूडेके औषधालयाच्या मागच्या कोठीत लॉज पुन्हा उघडायचं होतं. गालिचा नव्हता म्हणून नोल्टेने सकाळी गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूने सूर्य, चंद्र, दोन खांब आणि पायऱ्या काढल्या होत्या.

"बाबा, हात सोडा. मला स्वयंपाकघरात जायचंय."

"सात झाले नाहीत तर मी असाच जाणार," म्हातारा म्हणाला. "शेवटी बंधूंनी खड्ड्यात तीन गुलाब टाकायचे असतात. कोण टाकणार? पाद्री?"

तिने हात सोडवून घेतला. अंगठ्यावर त्यांच्या नखाची खूण राहिली होती.

*

(खिडकीतून, नोल्टेचा आवाज. भाषणाची तालीम.)

… मिठाच्या एका व्यापाऱ्याने, चर्चमधून काढून टाकलेल्या एका पाद्र्याने आणि त्यांच्या पाच स्नेह्यांनी सतराशे ब्याऐंशी साली, नदीकाठच्या खानावळीत, हे आपलं लॉज स्थापन केलं. नेपोलियनचं सैन्य आलं, गेलं. लॉज राहिलं. अनाथ मुलांसाठी पावाची व्यवस्था, विधवांसाठी सरपणाची व्यवस्था … एकोणीसशे बत्तीस साली आपण दीडशेवा वाढदिवस साजरा केला. आणि आज, बंधूंनो, सत्तेचाळीस साली …

(थांबतो. पुन्हा सुरुवात करतो. मिठाच्या एका व्यापाऱ्याने …)

*

प्रश्न : तुम्ही इथे काय करायला येता?
उत्तर : स्वतःचा खडबडीत दगड घासायला.

गेझीने, हार्टविगची बायको, चुलीपुढे उभी राहून आलुबुखाराच्या बिया तव्यावर भाजत होती. तपकिरी बी काळी झाली की चिमट्याने उचलून बशीत टाकायची. शेजारी वाडग्यात पांढरा घेवडा होता. तो तिने बहिणीच्या गावाहून पोटाला बांधून आणला होता.

"लेओवरचं मतदान झालं की दाणे मला परत," ती म्हणाली. "संध्याकाळचं सूप आहे ते. लॉज उघडो की न उघडो, सूप होणार."

"काळ्या बियांचं काय करणार?"

"त्या ठेव तू. पुढच्या वेळेला."

दोघी हसल्या असत्या, पण तेवढ्यात नोल्टे आत आला. त्याच्या पँटच्या गुडघ्यांवर खडूचे दोन पांढरे गोल होते. त्याने बशीत वाकून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"पूर्वी हस्तिदंती गोट्या होत्या," तो म्हणाला. "पांढऱ्या आणि काळ्या. प्रत्येकाला दोन्ही मिळायच्या. एक पेटीत टाकायची, उरलेली बाजूच्या भांड्यात. पांढरी म्हणजे हो, काळी म्हणजे नाही. कोणी काय टाकलं, देवालासुद्धा कळायचं नाही."

"आणि हार्टविगसाठी कधी टाकणार?" ओटिलीने विचारलं.

"हार्टविगसाठी कशाला?"

"तोही बाहेरच होता ना? तेहतीसपासून."

नोल्टेने गेझीनेकडे पाहिलं. गेझीने तव्याकडे पाहत राहिली.

"हार्टविग आपणहून गेला होता, डॉक्टरीणबाई. जो आपल्या पायांनी जातो, त्याला प्रमुख हात धरून पुन्हा आत घेऊ शकतो. ज्याचं जाणं मतदानाने झालं, त्याचं येणंही मतदानानेच व्हावं लागतं. नियम आहे. मी केलेला नाही."

"म्हणजे पळाला त्याला हात, आणि हाकलला त्याला परीक्षा."

"ओटिली," गेझीने म्हणाली. "आजच्या दिवस नको."

"मी नुसतं समजून घेतेय. बायकांना यातलं कळत नाही ना."

नोल्टेने बशी उचलली, वाडगा उचलला. दारातून जाताना तो वळला. "लेओला त्याची जुनी जागा दिलीय बरं का. दाराशी. लॉज झाकलेलं आहे की नाही, ते तोच पाहायचा. ते काम त्याच्यासारखं कोणाला जमलं नाही."

झाकलेलं म्हणजे, आजूबाजूला परकं माणूस नाही. कोणी ऐकत नाही. ओटिलीने बाहुलीला झोपवत ऐकलेल्या प्रश्नांमध्ये हा पहिला होता.

तिच्या लक्षात आलं, नोल्टे आज ‘लेओ’ म्हणाला. लॉजमधले बंधू एकमेकांना ‘तू’ म्हणत, नावाने हाक मारत. तेहतीसच्या त्या मतदानानंतर दुसऱ्याच दिवशी नोल्टे दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "तुमचं घड्याळ दुरुस्त झालंय, डॉक्टरसाहेब. न्या तुम्ही." लेओ घरी आला आणि बराच वेळ ते घड्याळ कानाशी धरून बसला.

*

अंगणात लेओ नव्हता. लाकडं रचून झाली होती. हार्टविग ओट्यावर बसून तळहातातली कुसळं दातांनी काढत होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो शाळेचा हेडमास्तर होता. आता नाझी पक्षात असलेल्या बाकी सगळ्यांबरोबर तो ढिगाऱ्यांतून विटा काढून त्यांवरचा चुना ठोकून पाडत असे.

"आपल्या लॉजमधला पहिला खरा गवंडी," तो हात दाखवत म्हणाला. "बाबांना सांग. खूश होतील."

"लेओ कुठे गेला?"

"वर. कपडे बदलायला. बस ना, टिली."

ती उभीच राहिली.

"पुढच्या आठवड्यात, कोण किती नाझी होता ते ठरवणाऱ्या समितीपुढे माझं प्रकरण आहे," हार्टविग म्हणाला. "त्याने एक शब्द बोलायला हवा. इतकंच, की मी त्याच्याशी नीट वागलो."

"नीट वागलास?"

"वाईट वागलो नाही."

"तो समोरून आला की तू रस्ता ओलांडायचास."

"माझी नोकरी होती. तीन मुलं होती."

"त्याचीही नोकरी होती, हार्टविग."

हार्टविगने तळहात पँटला पुसला. रक्ताची बारीक रेघ उमटली. "तुला वाटतं मी त्यासाठी त्याला आत आणतोय."

"नाही?"

"त्यासाठीही. बाबांसाठीही." तो तळहातात पुढचं कुसळ शोधू लागला. "आणि मला वाटतं, एकदा सगळे पुन्हा एका खोलीत बसलो ना, की मग त्याबद्दल कोणी काही बोलायची गरज उरणार नाही."

हे तो प्रामाणिकपणे म्हणाला. त्यामुळेच तिला ते जास्त लागलं.

"तेहतीसला, लॉज सोडण्याआधी, तू कोणती टाकलीस?"

"ते विचारायचं नसतं."

"विचारतेय."

"सांगायचं नसतं, टिली. मतदान गुप्त असतं. ते गुप्त राहिलं नाही तर उरतं काय?"

असं म्हणताना त्याची पाठ ताठ झाली, हनुवटी वर आली. नियमाच्या आडोशाला गेल्याबरोबर तिचा भाऊ पुन्हा हेडमास्तर दिसू लागला.

*

प्रश्न : तुम्ही बंधू आहात का?
उत्तर : माझे बंधू मला तसं ओळखतात.

बाबांना उभं करून तिने त्यांच्या कमरेला पांढरं चामडी एप्रन बांधलं. जप्ती आली त्या सकाळी हे एप्रन तिने इस्त्रीच्या कपड्यांत घालून वाचवलं होतं. तेव्हा ते त्यांच्या पोटावर ताठ बसायचं. आता बंद दोनदा गुंडाळून पुढे गाठ मारावी लागली.

"खोलीत कोण आहे?"

"मीच."

"मग ऐक. लेओला म्हणावं, घाबरू नको. मत लख्ख उजळच पडणार. आपल्याकडे कधी काळी पडलेली नाही. मी प्रमुख झाल्यापासून एकही नाही." त्यांचा चेहरा खुलला. "हॅनोव्हरवाले जळायचे आमच्यावर. त्यांच्याकडे दर वर्षी भांडणं. आमच्याकडे पेटी उघडली की नुसता बर्फ."

ओटिलीचा हात गाठीवर थांबला.

"बाबा. तेहतीस?"

अंध माणसाला नजर चुकवता येत नाही. त्यांनी तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

त्या दिवशी पेटीत टाकायचा प्रश्न एकच होता. लॉजचे बंधू यापुढे फक्त जर्मन रक्ताचे ख्रिस्ती असावेत का? वरून तसा हुकूम आला होता. हो म्हटलं तर लॉज चालू राहील असं सांगितलं होतं. ते चाललं जेमतेम दोन वर्षं. लॉजमध्ये असा एकच माणूस होता, एकुलता ज्यू, ज्याला त्या ‘हो’मुळे उठून जावं लागणार होतं, आणि तो यांच्या मुलीचा नवरा होता.

"बाबा, तेहतीसला किती काळ्या होत्या?"

"आधी ठरलं होतं," म्हातारा म्हणाला. "इथेच. याच घरात, आदल्या दिवशी. एक जरी काळी निघाली असती, तर त्यांनी विचारलं असतं, कोणाची? मग सगळ्यांवर संशय. एकमेकांकडे बोटं. म्हणून ठरवलं, सगळ्यांनी पांढरीच टाकायची. म्हणजे कोणाला कोणापासून लपायला नको."

"तुम्ही पण."

"मी प्रमुख होतो. मी कसा वेगळा पडणार?"

"तुम्ही त्याला म्हणालात, ‘माझ्याकडून होतं ते मी केलं.’ मी समोर होते. त्याने तुमचा हात हातात घेतला होता."

"केलंच ना. लॉज वाचवलं." मग त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "त्याला सांगू नकोस, ओटिली. आजच्या दिवस. सात होऊ देत."

तिने गाठ पूर्ण केली. घट्ट नाही, सैल नाही, नेहमी बांधायची तशी.

*

(खिडकीतून.)

… आणि एकोणीसशे बत्तीस साली दीडशेवा वाढदिवस. आणि आज, बंधूंनो, सत्तेचाळीस साली … नाही. बत्तीस साली वाढदिवस. त्यानंतर काही कठीण वर्षांनी, बंधूंनो … नाही. बत्तीस साली. आणि आज …

*

ज्याच्यावर मत पडायचं असतं तो बाहेर थांबतो, अशी पद्धत. म्हणून सहा जण कोठीत गेले आणि लेओ स्वयंपाकघरात येऊन बसला. गेझीने पाणी आणायच्या निमित्ताने हातपंपावर गेली. कधी निघून जावं हे तिला कळायचं, याबद्दल ओटिलीला तिचा आदर होता.

लेओने काळा कोट घातला होता. कोट नोल्टेने दिला होता, बाह्या आखूड होत्या. कोटाला तीन गुलाब, तांबडा, गुलाबी, पांढरा. ते कुठल्या तरी पडक्या बागेतून तोडून आणलेले. हातमोजे त्याने टेबलावर ठेवले होते.

"चढत नाहीत," तो म्हणाला.

एकवीस साली, त्याला लॉजमध्ये घेतलं त्या दिवशी मिळालेले मोजे होते ते. तेव्हा त्याला दोन जोड मिळाले होते, एक स्वतःला आणि एक बायकांच्या मापाचा, जिला सर्वांत मानतोस तिला दे म्हणून. तो तिचा अजून वरच्या मजल्यावर कागदात होता. लेओचे हात मात्र बदलले होते. छावणीत नेण्याआधी चार वर्षं त्याला रस्ते खणायला लावलं होतं, आणि सर्जनच्या हातांचे सांधे आल्याच्या गड्ड्यांसारखे सुजून तसेच राहिले होते.

"हातात धर. तेही चालतं ना?"

"चालतं." तो हसला. "नोल्टे मला ‘तू’ म्हणाला. लक्षात आलं तुझ्या? माझ्या मागे येऊन म्हणाला, ‘लेओ, तुझ्या कोटाला धागा लागलाय.’ धागा नव्हताच. नुसतं ‘तू’ म्हणायचं होतं त्याला."

ओटिली चुलीत काटक्या सारत राहिली.

"तुला मी हे कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "थेरेझिएनश्टाटच्या छावणीत सगळे खाण्याबद्दल बोलायचे. आईच्या हातचं बदक, कुठली तरी पेस्ट्री. मी ऐकायचो, आणि मनात त्या गोट्यांबद्दल विचार करायचो. त्या मतदानाला मी बाहेर होतो, आकडा मला कोणी सांगितला नाही, म्हणून धरून चाललो होतो की एक तरी काळी होती. हरलो, ते ठीक. पण एक होती. आज ती तुझ्या बाबांची धरायचो, उद्या नोल्टेची. एकदा तर हार्टविगलाही देऊन टाकली. त्या दिवशी सूप जरा दाट मिळालं असणार."

"लेओ."

"थांब. गंमत ऐक. ती कोणाची होती हे मला कळायलाच नको होतं. कळलं असतं तर एकाचाच उपकार झाला असता. कळलं नाही, म्हणून मला सगळ्यांकडे बघता येत होतं. शहरात परत आलो, रस्त्यात एकेक जण भेटायचा, टोपी काढायचा, आणि मी मनात म्हणायचो, कदाचित हाच. एक माणूस पुरे असतो, ओटिली. पेटीवर हात धरून एकच जण थांबला, म्हणजे मग परत यायला जागा आहे."

तिला वाटलं, आता सांगावं. मग वाटलं, आता तर मुळीच सांगू नये. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच खऱ्या वाटल्या.

"आपण घरी जाऊ या का?" ती म्हणाली.

त्याने नवलाने वर पाहिलं. त्यांचं स्वतःचं घर जळल्यापासून ते इथेच, याच छपराखाली राहत होते. "घरीच आहोत की आपण."

*

दार उघडलं. नोल्टेच्या हातात वाडगा होता. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तो लपवत नव्हता.

"लख्ख उजळ, लेओ," तो म्हणाला. "एकही काळी नाही."

लेओ उठला. नोल्टेने वाडगा टेबलावर ठेवून त्याला मिठी मारली. गुलाब चुरगळले. ओटिलीने ते मिठीच्या वरून पाहिलं, आणि नोल्टेचं तोंड पुढे काय बोलणार हे तिला त्याच्याही आधी दिसलं. त्याला थांबवायला तिने हात उचलला.

"हीच तर शान आहे आपली," नोल्टे म्हणत होता. "भाषणाचं शेवटचं वाक्य हेच ठेवलंय मी. ल्यूडेके प्रमुख झाल्यापासून या लॉजमध्ये एकदाही काळी पडलेली नाही. सगळ्या प्रांतात असं दुसरं लॉज दाखव."

लेओ मिठीतून हळूच मागे सरकला.

"कधी झाले ते प्रमुख?" त्याने विचारलं. सहज, जेवताना मीठ मागावं तसं.

"सव्वीस साली. तू होतास की."

"हो. मी होतो."

बाहेर हातपंपाचा दांडा वर-खाली होत होता. नोल्टेचा चेहरा अजून हसरा होता, पण डोळ्यांतून ते हसू आधीच गेलं होतं. त्याने खाली पाहिलं, आपल्या गुडघ्यांवरच्या खडूकडे, आणि हाताने तो झटकू लागला. खडू जात नव्हता, नुसता पसरत होता.

लेओने ओटिलीकडे पाहिलं. तिचा हात अजून अर्धवट उचललेला होता. तो हात त्याने पाहिला, आणि त्याला तेही कळलं, की तिला ठाऊक होतं.

"चला," तो नोल्टेला म्हणाला. "तुमची माणसं थांबलीत."

तुमची. नोल्टेने ते ऐकलं. मान खाली घालून तो पुढे झाला. लेओने टेबलावरचे मोजे उचलले आणि त्याच्यामागून गेला.

*

प्रश्न : वेळ काय झाली?
उत्तर : भर दुपार.

गेझीने बादली घेऊन आली तेव्हा ओटिली बोळात, कोठीच्या दारासमोर उभी होती.

"इथे थांबायचं नसतं आपण," गेझीने कुजबुजली. "चल. काय झालं? मत चुकलं का?"

"नाही. सगळ्या पांढऱ्या."

"मग?"

आत ठोका पडला. हातोडा नव्हता म्हणून बाबांनी औषधालयातल्या खलाचा लाकडी बत्ता घेतला होता. आवाज तिच्या लहानपणाचा होता, कुटण्याचा. ठोका पडला की प्रमुखाच्या आज्ञेशिवाय कोणी जागेवरून उठत नाही, कोणी बोलत नाही. ज्याला विचारलं त्यानेच बोलायचं.

"बंधू लेओपोल्ड," बाबांचा आवाज आला, खणखणीत, वीस वर्षांनी तरुण. "आपलं पहिलं कर्तव्य कोणतं?"

"लॉज झाकलेलं आहे का, ते पाहणं."

"मग पाहा."

दार उघडलं. लेओ उंबऱ्यावर उभा राहिला. त्याच्यामागे तिला खोली दिसली. औषधांच्या रिकाम्या फळ्या, चार मेणबत्त्यांची बुडखं, फरशीवरचा पांढरा सूर्य, आणि भिंतीलगत बसलेले म्हातारे, हार्टविग, नोल्टे. सगळे समोर बघत. उजेडात बसलेले बाबा, हातात बत्ता, चेहऱ्यावर असं सुख की तिला ते बघवेना.

पद्धत अशी, की बोळात दोन्हीकडे पाहायचं, परकं कोणी नसेल तर आत वळायचं, दार लावायचं, तीनदा वाजवायचं आणि सांगायचं.

लेओने दोन्हीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती हलली नाही.

त्याने एक पाऊल बाहेर टाकलं, मग दुसरं. बुटाच्या तळाला खडू लागला होता, बोळाच्या फरशीवर चंद्राचा तुकडा उमटला. त्याने मागे हात नेऊन दार ओढून घेतलं, आवाज न करता, दवाखान्यात झोपलेल्या रोग्याचं दार लावावं तसं. मोजे कडीवर अडकवले. तिच्या शेजारून जाताना तो थांबला नाही, पण आखूड बाहीतलं त्याचं मनगट तिच्या हाताला घासून गेलं. स्वयंपाकघरात जाऊन तो टेबलाशी बसला आणि घेवड्याचा वाडगा पुढ्यात ओढून दाण्यांतले खडे निवडू लागला.

आत शांतता होती.

"काय केलं त्याने?" गेझीने म्हणाली. "ओटिली, सहाच राहिले आत."

"हो."

"मग कोणी बोलत का नाही? हार्टविग उठत का नाही?"

"उठता येत नाही. ठोका पडलाय."

पाच माणसांना दिसत होतं, आणि त्यांना बोलायची परवानगी नव्हती. ज्याने परवानगी द्यायची त्याला दिसत नव्हतं.

"लॉज झाकलेलं आहे का?" आतून प्रश्न आला.

एक खुर्ची करकरली. तेवढंच.

गेझीनेने तिचा दंड धरला. तिची बोटं पाण्याने गार होती. "तू सांग ना. तुला येतं उत्तर, मला माहितेय. म्हातारा किती दिवसांचा आहे आता? ऐकलं की समाधानाने पुढे जाईल. बाकीचे काही बोलणार नाहीत. तुझं काय जातं यात?"

ओटिलीने तिच्याकडे पाहिलं. गेझीने वाईट बाई नव्हती. पोटाला घेवडा बांधून चौदा मैल चालत आली होती.

"तेहतीसलाही त्यांनी एकमेकांना हेच विचारलं असेल, तुझं काय जातं," ओटिली म्हणाली.

"लॉज झाकलेलं आहे का?"

आता तो आवाज प्रमुखाचा नव्हता. औषधं कुटताना मधेच शब्द हरवलेल्या माणसाचा होता. बत्ता टेबलावरून घरंगळला, खाली पडला, आणि कोणी तो उचलला नाही, कारण उचलायची आज्ञा नव्हती. स्वयंपाकघरात दाणे एकेक करून पातेल्यात पडत होते.

मग दाराच्या अगदी जवळून, जणू त्यांनी तोंड बरोबर तिच्या दिशेला वळवलं असावं, म्हातारा हळूच म्हणाला,

"ओटिली? दाराशी आहेस ना गं?"

ती होती.

"सांग ना. पुढचं काय?"

प्रश्न : लॉज झाकलेलं आहे का?
उत्तर :